मेंदीचं कुंपण दहा फुटांवर गेलंय, कापायचं कधी?

प्रश्न: आमचं घर गावाच्या कडेला, पांदण रस्त्याला लागून आहे. मामंजींनी वीस-बावीस वर्षांपूर्वी अंगणाच्या कडेनं शंभरेक फूट मेंदी लावली. ते होते तोवर दरवर्षी स्वतः कापायचे. ते गेल्यापासून कुणी हात लावला नाही. आता मेंदी दहा फुटांवर गेली आहे. वर विजेच्या तारेला टेकते आणि खालून पार मोकळी झाली आहे, त्यामुळे शेळ्या-कुत्री बुडातून आत येतात. मधे निंब आणि बोर आपोआप उगवले आहेत, एका टोकाला पिवळी अमरवेल चढली आहे. शेजारचे काका म्हणतात, अक्षय तृतीयेच्या आधी बुडापासून तोडा, पावसाळ्यात फुटेल. भासरे (मोठे दीर) म्हणतात, जेसीबी लावून उपटा आणि भिंत घाला. बुडापासून तोडली तर मेंदी मरेल का? कधी आणि कशी कापायची?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर:

ताई, मेंदी मरणार नाही. बुडापासून कापली तरी जुन्या खोडातून नवे फुटवे फेकणारं हे झाड आहे. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या सोजत भागात मेंदीची शेती होते. तिथे पाल्यासाठी फांद्या जमिनीलगत कापतात आणि तीच झुडपं वर्षानुवर्षं पीक देत राहतात. म्हणजे शेजारच्या काकांचं म्हणणं झाडापुरतं बरोबर आहे, चुकते ती वेळ. आता चैत्रात मोठी कापणी करू नका. मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस पडू द्या, जमीन वीतभर खोल ओली झाली की मग कापा. म्हणजे जूनचा दुसरा पंधरवडा, फार तर जुलैचा पहिला आठवडा.

एवढं थांबायचं का, ते सांगते. झाड बुडाशी कापलं की त्याचा सगळा पाला जातो, म्हणजे अन्न तयार करणारं त्याच्याजवळ काहीच उरत नाही. मग ते मुळांत आणि खोडात साठवलेल्या अन्नावर नवे कोंब काढतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, जमीन भेगाळते. तशात निघालेले कोवळे कोंब नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, करपून जातात. झाडाची पुंजी खर्च झाली आणि हाती काही आलं नाही, असं होतं. पावसाळ्यात झाड पुन्हा फुटायचा प्रयत्न करतं, पण तेव्हा त्याच्यात पहिली ताकद राहिलेली नसते. शिवाय तुमच्या मेंदीची बुडाकडची खोडं इतकी वर्षं सावलीत वाढलेली आहेत. त्यांच्यावर एकदम वैशाखाचं ऊन पडलं की साल तडकते आणि त्या भेगांतून कीड-बुरशी आत शिरते.

ज्यांच्याकडे विहिरीचं किंवा बोअरचं पाणी उन्हाळाभर पुरतं, त्यांना थंडी सरल्यावर, माघाच्या शेवटी कापता येतं. तेव्हा निघालेले फुटवे उन्हं तापेपर्यंत थोडे निबर होतात. पण तुमच्या पत्रात पाण्याचा उल्लेखच नाही, म्हणजे कुंपणाला वेगळं पाणी दिलं जात नसावं. कोरडवाहू कुंपणाला पावसाळ्याची सुरुवातच चांगली.

पण जूनपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं असंही नाही. चार कामं आत्ताच करून घ्या.

पहिलं काम तारेचं. फांद्या तारेला टेकल्या असतील तर त्या तुम्ही किंवा घरच्या कुणीही तोडायच्या नाहीत. गावच्या लाइनमनला सांगा. तो लाइन बंद करेल तेव्हाच, त्याच्यासमोर त्या फांद्या काढून घ्या. लोखंडी शिडी किंवा लांब लोखंडी आकडा वापरायचा नाही. पावसाळ्यात ओली फांदी तारेला टेकली तर फांदीतूनही वीज उतरू शकते. म्हणून एवढं काम मृगाच्या आधीच उरकलं पाहिजे.

दुसरं काम अमरवेलीचं, आणि हे मला सगळ्यांत तातडीचं वाटतं. अमरवेलीला जमिनीत मूळ नसतं. ती मेंदीच्या फांदीत आपली शोषकं रुतवून तिचाच रस पिते. नुसती ओढून काढली तर मागे राहिलेल्या बोटभर तुकड्यातूनही पुन्हा वाढते. म्हणून वेल गुंडाळलेल्या फांद्या वेलीसकट कापा, वेल संपते तिथून वीतभर खाली. कापलेलं सगळं त्याच दिवशी पोत्यात भरा आणि उघड्यावर, गंजीपासून दूर जाळा. पांदणीत किंवा उकिरड्यावर फेकू नका. तिचं बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं, आणि ती सोयाबीनच्या वावरात शिरली तर काय करते ते आर्वीकडच्या शेतकऱ्यांना मी सांगायला नको. फुलं येण्याआधी ती निघाली पाहिजे.

तिसरं काम सल काढायचं. संत्र्याच्या बागेत वाळलेल्या काड्या काढतात तेच हे काम. नखानं साल जरा खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडं दिसलं तर मेलेली. मेलेल्या फांद्या कोणत्याही ऋतूत काढता येतात, झाडाला त्याचा त्रास नाही. वाळकी खुंटं बुडाशी राहिली तर उदई (वाळवी) लागते, म्हणून तीही काढा. हे करताना एक सांभाळा. इतक्या वर्षांचा पालापाचोळा बुडाशी साचलेला असेल, आणि घोणस असल्याच जागी पडून असते. हात घालण्याआधी लांब काठीनं पाचोळा हलवा, गमबूट घाला, काम उजेडातच करा.

चौथं काम फक्त बघण्याचं. चैत्र-वैशाख म्हणजे बुलबुल, शिंपी, होले यांच्या घरट्यांचे दिवस, आणि मेंदीची गच्च झाडी त्यांना आवडते. घरटं दिसलं तर तेवढी फांदी सोडा. बुलबुलानं अंडी घातल्यापासून पिलं उडेपर्यंत साधारण महिना लागतो. काम जूनवर ढकलण्यात हाही एक फायदा आहे. तरी कापायच्या आदल्या दिवशी एकदा नीट बघून घ्या, कारण काही पाखरं पावसाळ्यातही अंडी घालतात.

आता मुख्य कापणी. कुंपण खालून उघडं का पडलं ते आधी समजून घ्या, म्हणजे किती कापायचं यावर घरात वाद होणार नाही. प्रत्येक फांदीच्या शेंड्याचा कोंब खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा खुडला की खालचे डोळे जागे होतात आणि फांदी बाजूला फुटते. मामंजी दरवर्षी कापायचे म्हणून कुंपण भरलेलं होतं. कापणी थांबल्यावर शेंडे वर धावले, वर पानांचं छत झालं, खाली ऊन पोहोचेना, आणि ऊन नाही तिथली पानं-काड्या झाडानं स्वतःच टाकून दिल्या. डोक्यावर भलंमोठं पागोटं आणि अंगात सदरा नाही, अशी तिची गत झाली आहे.

म्हणून नुसतं वरून चार-पाच फूट उतरवून चालणार नाही. सगळे तेच करतात आणि मग दोन वर्षांनी पुन्हा तक्रार करतात. पाच फुटांवर कापलं की फुटवे पाच फुटांच्या आसपासच येतात, बूड उघडं ते उघडंच राहतं. तुम्हाला शेळ्या अडवायच्या आहेत, तर फुटवे गुडघ्याखाली यायला हवेत. त्यासाठी खोडं जमिनीपासून एक ते दीड फुटावर कापावी लागतील. बघायला जिवावर येईल, पण जुन्या मेंदीला नवं बूड द्यायचा दुसरा रस्ता नाही.

मात्र शंभर फूट एकाच वर्षी कापू नका. यंदा अर्धं कापा, पन्नास फूट, आणि अमरवेल असलेल्या टोकापासून सुरुवात करा. उरलेलं पुढच्या मृगाला. एकदम सगळं कापलं तर पांदणीची सगळी धूळ आणि ढोरं सरळ अंगणात येतील, आणि पावसानं ओढ दिली तर पन्नास फुटांना घागरीनं पाणी घालता येतं, शंभर फुटांना घालणं बायकांच्या कमरेवर येतं. यंदाच्या अर्ध्यावरून तुमचा अंदाजही पक्का होईल. न कापलेल्या भागाचे फक्त शेंडे उतरवून घ्या, म्हणजे तार मोकळी राहील.

कापायला कुऱ्हाड वापरायची नाही. कुऱ्हाडीनं आणि बोथट कोयत्यानं खोड चिरतं, साल खालपर्यंत सोलून निघते, आणि पाणी मुरून ते खुंट सडतं. बोटाएवढ्या फांदीला सिकेटर (छाटणीची कात्री), त्याहून जाड खोडाला छाटणीची करवत. संत्र्याची बाग असलेल्या कुणाकडेही या दोन्ही वस्तू मिळतील. वरूड-मोर्शीपासून काटोलपर्यंतच्या बागांत छाटणी करणारे मजूरही असतात. तसा एखादा जाणकार गडी मिळाला तर दोन पैसे जास्त देऊन त्यालाच बोलवा. आधी वरचा पसारा टप्प्याटप्प्यानं उतरवा, मग बुडाशी शेवटचा काप घ्या, नाहीतर दहा फुटांच्या फांदीच्या वजनानंच खोड फाटतं. जाड खोडाला आधी खालच्या अंगानं थोडी करवत मारा, मग वरून कापा. काप किंचित तिरपा ठेवा, पाणी वर साचायला नको. आणि हे काम उघाडीच्या दिवशी करा. झड लागली असताना कापलं तर जखमा ओल्याच राहतात.

अंगठ्याहून जाड काप असतील त्यांना बोर्डो मलम लावा. मोरचूद १०० ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात, कळीचा चुना १०० ग्रॅम दुसऱ्या अर्ध्या लिटर पाण्यात, असं वेगवेगळं भिजवा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंडाची किंवा पितळेची नको. चुना निवला की दोन्ही एकत्र ओतून काडीनं ढवळा. त्यात स्वच्छ खिळा मिनिटभर बुडवून बघा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, अजून थोडा घाला. त्याच दिवशी ब्रशनं कापांवर लावून संपवा, उरलेलं दुसऱ्या दिवशी कामाचं नाही. पन्नास फुटांना एक लिटर बहुधा पुरेल. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आपोआप उगवलेल्या निंबा-बोरीचं काम याच दिवसांत करा, कारण जमीन मऊ असते. ही रोपं वरून कापली तर दुप्पट जोमानं फुटतात. सबलीनं मुळासकट उचला. एखादा निंब मनगटाएवढा झाला असेल आणि मेंदीच्या मुळांत गुंतला असेल, तर जमिनीलगत कापा आणि पुढे पंधरा-पंधरा दिवसांनी येणारे कोंब हातानं मोडत राहा. वर्षभरात तो दमतो. निंब चांगलं झाड आहे, पण कुंपणाच्या ओळीत नको. त्याच्या सावलीत मेंदी पुन्हा उघडी पडेल. कुंपणात साग, मोह, आंबा, चिंच किंवा जांभूळ मोठा झालेला असेल तर मात्र आधी तलाठ्याकडे किंवा वनविभागात विचारा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ही झाडं आहेत, स्वतःच्या जागेतली असली तरी परवानगी लागते.

कापलेल्या जागेवर आडोसा काय, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. कापलेल्या फांद्याच वापरा. जुन्या मेंदीच्या काड्यांची टोकं काट्यासारखी टोचतात. त्यात बोरी-बाभळीच्या काट्या मिसळून खुंटांच्या बाहेरच्या अंगाला, हातभर अंतर सोडून, कंबरेइतका बांध घाला. खुंटांवर मात्र काही टाकू नका, त्यांना उजेड हवा. ढोरांनी अंग घासलं किंवा कोवळे फुटवे तुडवले तर सगळी मेहनत वाया जाईल, म्हणून पहिले चार महिने हा बांध मोडू देऊ नका.

फुटवे दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतील. ते दिसले की ओळीपासून हातभर दूर उथळ चर ओढून दर पाच फुटांना एक टोपलं कुजलेलं शेणखत घाला आणि मातीनं झाका. युरिया टाकू नका. त्यानं फुटवे लांब, लुसलुशीत आणि कमजोर येतात. जुलैत पावसानं दोन-तीन आठवडे खंड दिला, जो आपल्याकडे बरेचदा पडतो, तर आठवड्यातून एकदा पाणी घाला.

आणि आता ती गोष्ट, जी लोक करत नाहीत. फुटवे वीतभर झाले की त्यांचे शेंडे खुडायचे, अर्ध्यावर. जीव होत नाही, इतक्या दिवसांनी हिरवं दिसलेलं असतं. पण खुडल्याशिवाय ते पुन्हा सरळ वर धावतील आणि पाच वर्षांनी तुम्ही मला हेच पत्र लिहाल. पुन्हा वीतभर वाढले की पुन्हा अर्धे. पहिल्या पावसाळ्यात असं दोन-तीनदा करावं लागेल. पहिले फुटवे वीतभर झाले की एकदा, पोळ्याच्या आसपास एकदा, आणि शेवटचं दसऱ्याला. दसऱ्यानंतर कात्री ठेवून द्या, म्हणजे नवी पालवी थंडीच्या आधी निबर होईल. थंडीत मेंदी बरीच पानं गाळते, तेव्हा घाबरू नका.

पुढची दोन वर्षं आकार द्यायचा तो असा, की बूड रुंद आणि माथा अरुंद. खाली अडीच फूट रुंदी असेल तर वर दीड. दोन टोकांना बांबू रोवून सुतळी ताणा आणि सुतळीच्या रेषेत कापा. भिंतीसारखं सरळ कापलं किंवा वर फुगवटा राहू दिला की खालचं ऊन तुटतं. चार फुटांहून उंच जाऊ देऊ नका. अंगणात बसल्या जागेवरून पांदण दिसावी एवढीच उंची बरी, असं माझं मत आहे. दहा फुटांचा आडोसा चोरालाही उपयोगी पडतो.

मधे मेलेल्या झाडांच्या जागा रिकाम्या निघतील. तिथे नवं रोप आणायची गरज नाही. शेजारच्या खुंटाचा खालचा फुटवा हातभर झाला की वाकवून मातीत दाबा, वर दगड ठेवा, शेंडा बाहेर राहू द्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याला मुळं धरतील. नाहीतर कापलेल्या फांद्यांतल्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या, निम्म्याहून जास्त मातीत, ओळीनं लावा. एका जागी तीन लावल्या की एखादी तरी जगते.

हे सगळं मेंदीचं. तुमच्या गावात इतरांची कुंपणं वेगळी असतील आणि हे वाचून कुणी कशावरही करवत चालवेल, म्हणून थोडं सांगून ठेवते. ड्युरांटा, बोगनवेल, जास्वंद, कोयनेल यांना खोल कापणी सोसते, वेळ हीच. मोरपंखीला मात्र कधीही जुन्या, पानं नसलेल्या लाकडापर्यंत कापू नका, ती तिथून पुन्हा फुटत नाही. तिचे फक्त हिरवे शेंडे कातरायचे. शेराच्या कुंपणाचा चीक डोळ्यांत गेला तर भयंकर इजा होते, चष्मा लावल्याशिवाय हात लावू नये. कण्हेर तर सगळीच विषारी. तिच्या फांद्या ढोरांच्या वाटेत टाकायच्या नाहीत आणि चुलीतही घालायच्या नाहीत, धूरही बाधतो. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि दवाखान्यात जातात. ते कुंपण कापलं की खाली पडलेल्या बिया वेचून टाका. घाणेरीचा पाला शेळ्यांपुढे टाकू नका.

भासऱ्यांच्या भिंतीबद्दल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही, भिंत शेळ्या अडवते. पण तुमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. खोल पाया न घेतलेली भिंत अशा मातीत चार-दोन वर्षांत तडकते, आणि शंभर फूट लांब भिंतीला खोल पाया म्हणजे किती सिमेंट आणि किती लोखंड याचा हिशोब त्यांनाच करायला सांगा. मेंदीची मुळं वीस वर्षांपासून तीच माती धरून बसली आहेत. जेसीबीनं ती उपटली तर पहिल्याच पावसात पांदणीकडची कड ढासळेल. यंदा अर्धं कापायला त्यांची हरकत असण्याचं कारण नाही. खर्च एका गड्याची दोन-तीन दिवसांची मजुरी, मोरचूद-चुना आणि शेणखत. पुढच्या दिवाळीला कुंपण भरलेलं दिसलं नाही, तर भिंतीचा विषय तेव्हा काढता येईल.

कापलेला पाला वाया घालवू नका. सावलीत वाळवून कुटला की घरात वर्षभर पुरेल, शेजारीपाजारी वाटता येईल. जाड काड्या चुलीला. आणि घरात सासूबाई असतील तर त्यांना आधी विचारून घ्या. मेंदीच्या फुलांचा वास अनेक बायकांना हवा असतो, आणि सारखं कातरलेलं कुंपण फुलत नाही. दाराजवळच्या टोकाची दोन झाडं कापणीतून वगळा, त्यांचं फक्त बूड साफ ठेवा आणि तारेपासून दूर असतील एवढं पाहा. ती मोकळी वाढू द्या.